छातीचा फोटो आणि एकशे चाळीस माणसांचा हिशोब

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटर इंजिनिअर आहेस, तर एआयवर बोल. पोरांना नोकरीबिकरीचं दोन शब्द सांग." मी हो म्हटलं. पण आज मी बोलणार आहे एका डॉक्टरांबद्दल. एआय त्यात येईल, शेवटी येईल. त्याचं कारण असं की गेली कित्येक वर्षं मी दवाखान्यांतले एक्सरे आणि सीटी स्कॅन साठवणारं, दाखवणारं आणि मोजणारं सॉफ्टवेअर लिहिते. छातीची चित्रं, म्हणजे हृदय आणि फुप्फुसं, हा माझा भाग. आम्ही इंजिनिअर लोक जे काही बांधतो ते रेडिओलॉजिस्ट मंडळींनी आधी डोळ्यांनी पाहून, लिहून ठेवलेल्या गोष्टींवर बांधतो. ती मंडळी मात्र कुणाला दिसत नाहीत. पेशंटला माहीत असतो तो औषध देणारा डॉक्टर. फोटो वाचणारा अंधाऱ्या खोलीत बसलेला असतो.

तसं पाहिलं तर २०२१ मध्ये आपण सगळेच रेडिओलॉजिस्ट झालो होतो. आठवतं ना? कुणाला कोरोना झाला की पहिला प्रश्न, "स्कोअर किती?" पंचवीसपैकी आठ आला तर हुश्श, अठरा आला की घरात रडारड. तो पंचवीसचा हिशोब साधा आहे. आपल्या फुप्फुसांचे पाच कप्पे असतात, उजवीकडे तीन आणि डावीकडे दोन. प्रत्येक कप्पा किती खराब झाला याला पाचपैकी गुण द्यायचे. पाच पंचे पंचवीस. पण हे गुण कुणीतरी एक-एक चित्र पाहून देत होतं. त्या दिवसांत एकेका रेडिओलॉजिस्टसमोर अशा चित्रांची रांग लागलेली असायची.

मुलांसाठी आधी थोडं विज्ञान सांगते. रॉन्टजेन यांनी एक्सरे शोधले १८९५ मध्ये. छातीच्या फोटोत हवा काळी दिसते, हाड पांढरं दिसतं आणि मध्ये हृदयाची पांढरट सावली. मोठ्या माणसाच्या नीट काढलेल्या फोटोत हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त नसावी, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ. पण फोटोत सगळं एकावर एक येतं. बरगडीमागचा डाग लपतो, हृदयामागचा तर हमखास लपतो. ही अडचण सोडवली गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्लंडच्या इंजिनिअरनं. शेतकऱ्याच्या घरचा मुलगा, डॉक्टर नव्हे. त्याच्या सीटी यंत्रावर पहिला पेशंट तपासला गेला १९७१ मध्ये, आणि १९७९ मध्ये त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. सीटीच्या एका कापात ५१२ गुणिले ५१२ चौकटी असतात, म्हणजे अडीच लाखांवर आकडे. पाण्याला शून्य धरायचं, हवेला उणे एक हजार. चित्र दिसतं ते डोळ्यांना. यंत्राच्या लेखी ते सगळे आकडेच. हृदय आणखी अवघड, कारण ते हलत असतं. म्हणून ईसीजीची तार लावून दोन ठोक्यांच्या मधला निवांत क्षण पकडून चित्र घ्यावं लागतं. माझं पोट या आकड्यांवर चालतं.

आता त्या डॉक्टरांकडे येते. त्यांचं नाव डॉ. रवी रामकांतन. मुंबईत परळला महानगरपालिकेचं के.ई.एम. रुग्णालय आहे आणि त्याला जोडलेलं सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय. दोन्ही १९२६ ची. हे कॉलेज निघालं तेव्हा देणगीदारांची अट होती की शिकवणारे भारतीय असावेत. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. डॉ. रामकांतन तिथे रेडिओलॉजीचे प्राध्यापक होते, पुढे विभागप्रमुख झाले. मी त्यांना कधी भेटलेली नाही. आमच्या टीमला सल्ला देणाऱ्या एका डॉक्टरांनी मला त्यांचा एक शोधनिबंध वाचायला दिला आणि म्हणाले, "सॉफ्टवेअर लिहिण्याआधी हे वाच. नोंद कशी ठेवतात ते कळेल." निबंध 'रेडिओलॉजी' या अमेरिकेतल्या मासिकात छापलेला होता. साल पाहिलं तर १९९६. आपण दहावीचा निकाल घेऊन याच मैदानातून घरी गेलो, ते वर्ष.

निबंधाचा विषय होता टीबीच्या पेशंटला होणारा मोठा रक्तस्राव. आपण ज्याला 'रक्ताची उलटी' म्हणतो ती. खरं म्हणजे ती उलटी नसते. ते रक्त पोटातून येत नाही, खोकल्यावाटे फुप्फुसातून येतं.

फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी मिळतं. एक मोठी वाट हृदयाच्या उजव्या बाजूकडून येते. तिच्यात दाब कमी असतो, कारण ते रक्त फक्त हवा घ्यायला आलेलं असतं. दुसरी वाट अगदी बारीक. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीलाच लहान फांद्या फुटतात, त्या श्वासनळ्यांच्या भिंतींना रक्त पुरवतात. नळी बारीक, पण दाब महाधमनीचा. टीबीनं फुप्फुसात पोकळी केली, वर्षानुवर्षं सूज राहिली की या फांद्या फुगतात, वाकड्यातिकड्या वाढतात. आणि एक दिवस त्यातली एखादी फुटते. मामा तलावाच्या पाटाचं दार निसटलं तर बांधीचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको.

उपाय असा. मांडीच्या रक्तवाहिनीतून एक बारीक, लांब नळी आत घालायची. एक्सरेच्या पडद्यावर पाहत पाहत ती महाधमनीतून वर छातीपर्यंत न्यायची. नेमकी फुगलेली फांदी शोधायची, तिच्यात रंगद्रव्य सोडून खात्री करायची आणि जिलेटिनच्या स्पंजचे बारीक तुकडे सोडून ती आतून बुजवायची. छाती उघडायची नाही. फ्रान्समध्ये ज्याक रेमी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत आणली. यात भीती एकच, पण मोठी. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला रक्त देणारी केसासारखी वाहिनी कधीकधी याच फांदीतून निघते. ती दिसली नाही आणि बुजली तर माणूस वाचतो, पण त्याचे पाय जातात. म्हणून या कामात हातापेक्षा डोळा महत्त्वाचा, आणि म्हणूनच ते रेडिओलॉजिस्टचं काम.

जिलेटिनचा स्पंज काही आठवड्यांत विरघळून जातो. मग उपयोग काय, असं मलाही वाटलं होतं. उपयोग हा की तेवढ्यात वेळ मिळतो. रक्त थांबतं, माणूस श्वास घेतो आणि टीबीच्या गोळ्यांना त्यांचं काम करायला सवड मिळते. ज्यांची फुप्फुसं इतकी झिजलेली असतात की ऑपरेशन झेपणारच नाही, त्यांना दुसरी वाटच नसते.

डॉ. रामकांतन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १४० पेशंटचा हिशोब त्या निबंधात मांडला. एकशे चाळीस. निबंधाच्या मथळ्याखाली बांदेकर आणि देशमुख ही नावं वाचून मला उगाच घरचं वाटलं. त्यातले देशमुख म्हणजे डॉ. हेमंत देशमुख. पुढे तेही तिथे विभागप्रमुख झाले आणि कोरोनाच्या काळात के.ई.एम.चे अधिष्ठाता होते.

त्या हिशोबात शंभरातल्या सुमारे ७३ जणांचं रक्त लगेच आटोक्यात आलं. पण मला धरून ठेवलं ते बाकीच्यांनी. ज्यांचं लगेच थांबलं नाही, त्यांचीही मोजदाद त्याच पानावर आहे. लपवलेली नाही, तळटीपेत ढकललेली नाही. मी ज्या धंद्यात आहे तिथे शंभरातले ७३ म्हटलं की विक्री विभाग लगेच ७३ चं पोस्टर करतो. प्राध्यापकाचं काम उरलेल्या २७ जणांपासून सुरू होतं. ते का राहिले, त्यांच्यासाठी पुढे काय करायचं, हे विचारता येतं ते त्यांना मोजलं म्हणून.

आणि हे काम झालं कुठे? महापालिकेच्या दवाखान्यात, जिथे बाहेरच्या व्हरांड्यात पेशंट झोपलेले असतात. डॉ. रामकांतन यांच्याकडे आलेले लोक फुप्फुसाचा इतका जुना आजार घेऊन आलेले होते की श्रीमंत देशांतल्या डॉक्टरांना असे पेशंट क्वचितच पाहायला मिळतात. गरिबांची गर्दी हे त्या दवाखान्याचं ओझं होतं. त्याच गर्दीची नीट नोंद ठेवली म्हणून जगभरच्या डॉक्टरांच्या उपयोगाचं ज्ञान तयार झालं. आजही या उपचारावर कुणी आढावा लिहिला की त्याच्या तक्त्यात 'रामकांतन, १९९६, पेशंट १४०' ही ओळ असते.

आता हे सगळं मी इथे का सांगते आहे ते सांगते.

माझे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, इथल्याच एका राइस मिलमध्ये हमाल होते. तुमच्यापैकी काहींनी त्यांना पाहिलं असेल. त्यांना टीबी झाला, औषधं सुरू झाली, बरं वाटलं आणि बंद झाली. पुन्हा झाला. १९९९ च्या पावसाळ्यात, ऐन रोवणीच्या दिवसांत, त्यांच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला बाहेर होते. जीप करून त्यांना नागपूरला न्यायला निघाले. नागभीड, भिवापूर मागे पडलं आणि उमरेडच्या अलीकडेच सगळं संपलं. मोठी आई सोबत होती. रक्त धरायला तिच्या हातात पितळेचा तांब्या होता. ती पुढे कितीतरी वर्षं एकच सांगायची, "बाई, तांब्या अर्धाबी भरला नव्हता. इतक्याशा रक्तानं माणूस जाते का?"

तिच्या या प्रश्नाचं उत्तर मला त्या निबंधाच्या निमित्तानं वाचता-वाचता मिळालं. जातो. माणूस रक्त कमी होऊन जात नाही, तो त्या रक्तात गुदमरतो. आपल्या श्वासनळ्यांमध्ये सगळी मिळून दीडशे मिलिलिटरच्या आसपास जागा असते. अर्धा तांब्या त्याला पुष्कळ झाला. मी सुट्टीत आले तेव्हा मोठ्या आईला हे समजावून सांगितलं, त्या नळीचं आणि स्पंजचंही सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे तेव्हा होतं?" मी म्हटलं, "हो, तीन वर्षं आधी छापून आलं होतं. करत तर त्याच्याही आधीपासून होते." ती म्हणाली, "मंग आपल्या इकडं काऊन नव्हतं?"

या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आणि आज कुणावर दोष ठेवायलाही मी उभी नाही. परळपासून सिंदेवाहीपर्यंत ज्ञान यायला जो वेळ लागतो, तो कमी करायचं काम कुणाचं, एवढंच मी आज आपल्या सगळ्यांसमोर ठेवते.

कारण आपल्या जंगलपट्टीला हे जमत नाही असं अजिबात नाही. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च'मधून काय केलं? लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला एक्सरे नव्हता, तर गावातल्या माणसांना मुलाचे श्वास मोजायला शिकवलं. ज्यांना आकडे लिहिता येत नाहीत त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं यंत्र केलं. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा हिशोब छापून आला. ज्या ५८ गावांत काम झालं तिथे पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१ होते. शेजारच्या ज्या ४४ गावांत काम नव्हतं, तिथे १७.५. परळचं यंत्र महागडं, गडचिरोलीचं मण्यांचं. पण दोन्हीकडे रीत एकच. नीट पाहायचं, मोजायचं, आणि ज्यांना वाचवता आलं नाही त्यांनाही मोजायचं.

आता आलं एआय. संयोजक खूश होतील.

आपल्या देशानं २०१९ ते २०२१ या काळात टीबीची मोठी पाहणी केली. त्यात दिसलं की फक्त लक्षणं विचारली असती तर शंभरातले जवळपास ४३ पेशंट सुटून गेले असते. ते सापडले फक्त छातीच्या फोटोमुळे. म्हणजे खोकला नाही, ताप नाही, माणूस धान कापतो आहे, नाटकाला जातो आहे, आणि आत टीबी आहे. असा माणूस दवाखान्यात येणार नाही. फोटोचं यंत्रच त्याच्या गावी जायला हवं. आज हातात धरता येणारी एक्सरे यंत्रं आहेत. गावात रेडिओलॉजिस्ट नसला तर फोटो कॉम्प्युटर पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पंधरा वर्षं आणि त्यावरच्या लोकांच्या टीबी तपासणीसाठी अशा सॉफ्टवेअरला मान्यता दिली. असं सॉफ्टवेअर करणाऱ्यांत मुंबईचीही कंपनी आहे.

पण मुलांनो, एक लक्षात ठेवा. कॉम्प्युटरला टीबी कसा दिसतो हे कुणी शिकवलं? हजारो फोटोंवर 'इथे आहे', 'इथे नाही' असं लिहून ठेवणाऱ्या रेडिओलॉजिस्टनी. त्यांची नोंद चुकली तर आमचं सॉफ्टवेअर आत्मविश्वासानं चुकतं. आणि सॉफ्टवेअर फक्त संशय सांगतं. नक्की होतं ते थुंकीच्या तपासणीनंच. तेव्हा तुमच्यातल्या कुणाला या कामात यायचं असेल तर रस्ते पुष्कळ आहेत. एमबीबीएसनंतर एमडी करून रेडिओलॉजिस्ट होता येतं, फोटो काढणारे तंत्रज्ञ होता येतं, भौतिकशास्त्र किंवा गणित शिकून येता येतं, माझ्यासारखं इंजिनिअरिंगमधूनही येता येतं. आपल्या प्रयोगशाळेत एकच भिंग होतं आणि ते वर्गातल्या साठ जणांत फिरायचं. तरी आम्ही इथवर आलो.

शेवटी तीन गोष्टी सांगते आणि थांबते.

पहिली. घरात, शेजारी, मजुरांत कुणाचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालला तर त्याला सरकारी दवाखान्यात न्या. थुंकीची तपासणी आणि औषधं तिथे मोफत आहेत. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू देऊ नका.

दुसरी. खोकल्यातून रक्त पडलं, चमचाभर का असेना, तर उद्यापर्यंत थांबू नका. १०८ ला फोन करा. रक्त छातीच्या कोणत्या बाजूचं आहे हे आधीच्या फोटोवरून माहीत असेल तर माणसाला त्याच कुशीवर निजवा, म्हणजे दुसरं फुप्फुस मोकळं राहतं. आणि खिळ्याला पिशवीत अडकवून ठेवलेले जुने फोटो सोबत घ्या. पुढच्या डॉक्टरचा बराच वेळ त्यानं वाचतो.

तिसरी गोष्ट आपल्या तुकडीसाठी. स्नेहमेळाव्याचा निधी कशाला वापरायचा यावर सकाळपासून चर्चा चालू आहे. कमान बांधा, व्यासपीठ बांधा, असं सुचवलं गेलं आहे. माझा प्रस्ताव असा आहे की त्यातला अर्धा भाग आपण निक्षय मित्र म्हणून तालुक्यातल्या टीबी पेशंटच्या सहा महिन्यांच्या आहारासाठी द्यावा. आणि ज्यांना मोठ्या तपासणीसाठी चंद्रपूर-नागपूरला जावं लागतं, त्यांच्या गाडीभाड्यासाठी. सोबत एक वही ठेवू. पेशंटचं नाव बाहेर जाणार नाही, फक्त आकडे लिहायचे. किती जणांना मदत केली, किती जणांनी औषधं पूर्ण केली, किती जणांची मध्येच सुटली, किती जण गेले. पुढच्या स्मरणिकेत ते पान जसंच्या तसं छापू. राहून गेलेल्यांचा आकडाही छापू. वहीचं आणि हिशोबाचं काम मी घेते. दर महिन्याला फोन करायला मला गावात राहणारे दोघे-तिघे हवे आहेत.

जेवणाआधी मी मागच्या बाकाजवळ कागद घेऊन उभी राहते. ज्यांना जमेल त्यांनी नाव आणि फोन नंबर लिहावा.